अमावास्येचा आठवडा आणि घरातली दोन लहान मुलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी चार वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. डीप-स्काय फोटोग्राफीचं, म्हणजे दूरच्या तेजोमेघांचे आणि दीर्घिकांचे फोटो काढण्याचं, वेड मुलांच्या आधीपासूनचं. दर अमावास्येच्या आसपास तुम्ही गाडीत सामान भरून अंधाऱ्या जागी जाता आणि पहाटे परतता. बायको पूर्वी भांडायची, हल्ली फक्त "जा" म्हणते. आणि आता माउंटसकट (टेलिस्कोपला ताऱ्यांच्या गतीने फिरवणारा आधार) सगळं विकून टाकावं का, असा विचार मनात घोळतोय.

विकू नका. पण आत्ता जसं चाललंय तसंही चालू ठेवू नका.

माझी दोन्ही मुलं आता शाळेत जातात. ती तान्ही असतानाही मी हे करत होते, नवऱ्याला यातलं काडीचंही आकर्षण नसताना. त्या काळात एक गोष्ट चांगली कळली. घराला आपली रात्र खुपत नाही, रात्री सगळे झोपलेलेच असतात. खुपते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. आणि त्याहून जास्त खुपतं ते आदल्या दुपारपासून चाललेलं "बघू, ढग काय म्हणतायत ते".

ही दुपार समोरच्या बाजूने बघा. तुम्ही दर अर्ध्या तासाने उपग्रहाची ढगांची चित्रं उघडताय. बॅटऱ्या चार्जिंगला लागल्यात, बॅग दारात उभी आहे. बायकोला मात्र संध्याकाळी मुलीला कोण झोपवणार, बाळ रात्री उठलं तर हाताशी कोणी असेल की नाही, हे काहीच माहीत नाही. साडेसातला तुम्ही म्हणता, "उघडतंय, निघतो." किंवा म्हणता, "नाही जात," आणि मग रात्रभर तोंड पाडून बसता. दोन्हीत तिच्या हातात काही नाही. ते "जा" बहुतेक या टांगणीतून आलेलं आहे, एवढा माझा अंदाज. खरं काय ते तिलाच विचारा, पण अमावास्येच्या आठवड्यात विचारू नका.

आमच्याकडे यावर एकच नियम चालला: दुपारी चारला निर्णय. चार वाजता अंदाज स्वच्छ असेल तर जायचं, धूसर असेल तर नाही. नंतर आभाळ मोकळं झालं तरी नाहीच. रात्री नऊला खिडकीतून लख्ख तारे दिसतात तेव्हा जीव जळतो, खोटं कशाला सांगू. पण "नाही" म्हटलं की खरंच नाही, याची घराला एकदा खात्री पटली, की "हो" म्हणताना कोणी कपाळाला आठी घालत नाही.

आता या छंदाची खास अडचण. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. त्यात बराच वेळ चंद्र नसलेल्या रात्री साधारण दहा, आणि त्यातल्या ढगांनी किती खाल्ल्या ते विचारायला नको. उरतात त्या सगळ्या एकगठ्ठा. म्हणजे तीन आठवडे घरातला आदर्श बाप आणि मग चार दिवस गायब, असं चित्र दिसतं. तुम्ही महिन्याची सरासरी काढून म्हणाल, जातो तरी किती! पण घर सरासरीत जगत नाही, त्या चार दिवसांत जगतं. म्हणून सलग दोन रात्री घ्यायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी. आणि ज्याची रात्र त्याचीच सकाळ. बाळ सहाला उठलं की उठणारे तुम्ही. हे जमत नसेल तर रात्र छोटी करा.

रात्र छोटी केल्याने फोटोचं फार नुकसान होतं, असं वाटतं. इथे गणित आपल्या बाजूने आहे. स्टॅकिंगमध्ये, म्हणजे एकाच जागेचे अनेक फोटो एकावर एक रचताना, सिग्नल (वस्तूचा खरा प्रकाश) वेळेच्या प्रमाणात वाढतो आणि नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एका तासाचे दोन तास केले की सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर 41 टक्क्यांनी सुधारतं. चाराचे पाच केले की सुधारणा जेमतेम 12 टक्के. चार तासांच्या डेटापेक्षा दुप्पट चांगला डेटा हवा असेल तर सोळा तास लागतात, आणि ते एका रात्रीत कोणालाच मिळत नाहीत, बिनमुलांच्या माणसालाही नाहीत. पहाटे दोन ते तीन हा जो तास तुम्ही दात-ओठ खाऊन काढता, त्याची फोटोतली किंमत संध्याकाळच्या पहिल्या तासापेक्षा कितीतरी कमी. दुसऱ्या दिवशीची किंमत मात्र सगळ्यात जास्त.

तेव्हा एका रात्रीत फोटो पुरा करायचा हा हट्टच सोडा. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. एखादा तेजोमेघ संध्याकाळच्या सोयीच्या वेळी दोन-तीन महिने तरी सापडतो. प्रत्येक अमावास्येला तीन-तीन तास जोडत गेलं तरी हंगामात चांगला साठा होतो, आणि उरलेलं पुढच्या वर्षी. देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. तुमचं बाळ चालायला लागेपर्यंत तिच्यात तुमच्या कॅमेऱ्याला दिसेल असं काही बदलणार नाही.

तुकड्यातुकड्यांनी काम करायचं तर शिस्त थोडी वेगळी लागते. कॅमेरा दर वेळी त्याच कोनात बसला पाहिजे, नाहीतर स्टॅक केल्यावर कडा कापून टाकाव्या लागतात आणि चौकट आक्रसते. मी फोकसरवर (टेलिस्कोपचा फोकस जुळवणारा भाग) आणि कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवर पांढऱ्या मार्करने एकेक रेघ ओढून ठेवली आहे. दोन्ही रेघा जुळवल्या की अंशभराचा फरक राहतो, तो प्लेट सॉल्व्हिंगने (फोटोतले तारे ओळखून नेमका कोन काढणारं सॉफ्टवेअर) मोजून हाताने दुरुस्त करता येतो. फ्लॅट्स (धुळीचे डाग आणि कडेचा काळसरपणा काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) मात्र त्या-त्या रात्रीचेच घ्या, कॅमेरा काढून परत लावला की धुळीचे डाग जागा बदलतात. तुमचा कॅमेरा कूलिंगवाला आहे असं दिसतं, तर डार्क्ससाठी (कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज वजा करायला घेतलेले काळे फोटो) रात्र अजिबात वाया घालवू नका. झाकण लावून, तेच तापमान आणि तेच एक्स्पोजर ठेवून, भर दुपारी कपाटात ठेवून द्या. तो आपले डार्क्स घेत बसतो, तुम्ही लंगोट बदलत बसा.

अंधाऱ्या जागेचं वेगळं सांगते, कारण इथे प्रश्न नुसता वेळेचा नाही. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. तुमचं बाळ सकाळी सहाला उठवतं ना? मग तुमचे सतरा तास रात्री अकरालाच संपतात. पहाटे साडेतीनला सामान भरून गाडी चालवत परत येणं दोन मुलांच्या बापाने बंद करावं, यावर मी वाद घालणार नाही. जायचं तर तिथेच झोपायचं आणि उजाडल्यावर निघायचं. याचा अर्थ अशी रात्र महिन्यातून जास्तीत जास्त एक, सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि "ज्याची रात्र त्याची सकाळ" हा नियम त्या दिवसापुरता बाजूला. त्या सकाळी बायकोच्या मदतीला कोण असेल, हे आधी ठरलेलं हवं. बदल्यात तिचाही एक पूर्ण दिवस: ती कुठे जाते, काय करते, बाळाने किती रडून घेतलं याचे फोन नाहीत. हा दिवस कॅलेंडरवर आधी लिहा. अमावास्या काय, पुढच्या शंभर वर्षांच्या ठरलेल्याच आहेत.

बाकीच्या रात्री घरून. तुम्ही लिहिलंय की घरचं आकाश फार उजळ आहे. रंगीत कॅमेरा असेल तर ड्युअल-बँड फिल्टर, मोनो (कृष्णधवल) असेल तर नॅरोबँड. हायड्रोजनचा 656.3 नॅनोमीटरचा प्रकाश आणि ऑक्सिजनचा 500.7 चा, तेवढाच आत येऊ द्यायचा, बाकी दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर. हायड्रोजन तर अर्ध्या चंद्रातही चालतो, म्हणजे अमावास्येचा गठ्ठा आपोआप फुटतो आणि महिनाभर एखाद-दुसरी रात्र मिळत राहते. ऑक्सिजनला चंद्र जास्त बाधतो, तो काळोखासाठी राखा. दीर्घिकांना या फिल्टरचा फारसा उपयोग नाही, त्या महिन्याच्या त्या एका रात्रीसाठी ठेवा. घरून दिसणारा आकाशाचा तुकडा लहान असतो हे खरं, पण त्याने निवड सोपी होते. अमेरिकन छायाचित्रकार इमोजन कनिंगहॅम 1920 च्या दशकात तीन लहान मुलांमुळे घराला बांधलेल्या होत्या, तेव्हा त्यांनी बागेतल्या झाडाफुलांवर कॅमेरा रोखला. 1925 चं त्यांचं मॅग्नोलियाचं फूल त्यातलंच, आणि आज त्यांचं नाव निघालं की आधी तेच आठवतं.

घरून करण्याचा एक फायदा मला फार मोलाचा वाटला. बाळ रात्री उठणारच आहे. तुम्ही तसेही जागे आहात. ते बाटलीने दूध घेत असेल तर झोपायला जाईपर्यंतची सगळी उठबस तुमची. बायकोला रात्री नऊ ते एक अशी सलग झोप मिळाली, तर आठवड्याभरात तीच विचारेल, "आज आकाश कसं आहे?" तोपर्यंत माउंटवरचा छोटा संगणक गायडिंग (ताऱ्यावर नेम धरून ठेवणं), फोकस, मेरिडियन फ्लिप (वस्तू डोक्यावरून पलीकडे गेली की टेलिस्कोपची बाजू बदलणं) सगळं सांभाळतो, तुम्ही आतून फोनवर पाहता. पण हे यंत्र चालू ठेवून झोपायचं असेल तर खरंच झोपा. गादीवर पडून दर दहा मिनिटांनी गायडिंगचा आलेख बघणारा माणूस धड आकाशाचाही नसतो आणि धड घराचाही नसतो. ढग आले की माउंट आपोआप पार्क व्हावा, म्हणजे सुरक्षित जागी जाऊन थांबावा, अशी सोय आधी करा, ती भरवशाची झाली की मगच झोपून टाका.

प्रोसेसिंगबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही, आणि मला तिथेच शंका येते. बाहेर काढलेली रात्र सगळ्यांना दिसते. लॅपटॉपसमोरच्या संध्याकाळी कोणी मोजत नाही, कारण माणूस घरातच असतो. मुलगी चित्र दाखवायला येते, आपण "हं, छान" म्हणतो आणि नजर तेजोमेघाच्या कडेवरच्या नॉइजवर. एका फोटोच्या प्रोसेसिंगला शूटिंगपेक्षा जास्त तास सहज जातात, आणि त्यातले निम्मे आधी केलेलं पुसून पुन्हा करण्यात. हे तास सकाळी सगळ्यांच्या आधी किंवा मुलं झोपल्यावर, वेळ बांधून. कॅलिब्रेशन (डार्क्स-फ्लॅट्स लावून फोटो साफ करणं) आणि स्टॅकिंग संगणकावर सोडून द्या, त्याला तुमची सोबत लागत नाही.

पण सगळंच थांबून राहत नाही. धूमकेतू थांबत नाहीत, ग्रहणं थांबत नाहीत. त्यांच्यासाठी नियम मोडावा लागतो आणि मोडावाही. फक्त नियम एरवी पाळला जात असेल तरच "या वेळी सोड" म्हणायला तोंड राहतं. ग्रहणांचं बरं असतं, तारखा कितीतरी आधी ठाऊक असतात. 2 ऑगस्ट 2027 चं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमधल्या लक्सरच्या जवळपास 6 मिनिटांहून जास्त खग्रास राहणार आहे, आणि ते दिवसाढवळ्या, सगळ्या घराने मिळून बघायचं आहे. नवऱ्याने माझ्याबरोबर आनंदाने केलेली एकमेव खगोलसहल ग्रहणाचीच होती.

मुलीला रात्री अंधाऱ्या जागी न्यावं का, असं शेवटी विचारलंय. आत्ता नको. चार वर्षांच्या मुलीला तीन मिनिटांचा एक्स्पोजर म्हणजे शिक्षा आहे, आणि कॅमेऱ्यातून तिला पडद्याशिवाय काही दिसत नाही. तिला घरीच, झोपायच्या आधी दहा मिनिटं, डोळ्यांनी बघायच्या गोष्टी द्या. चंद्र, टेलिस्कोपमधून शनीची कडी, कृत्तिकांमध्ये तिला किती तारे मोजता येतात ते. तेही कॅमेऱ्याचं सामान मांडलेलं नसताना. ट्रायपॉडला पाय लागला म्हणून तुम्ही एकदा ओरडलात की तिच्यासाठी ती वस्तू कायमची बाबांची झाली.

आणि सामान मांडलेलं असेल तेव्हा मुलं हाताशी असतील, तर तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून. काउंटरवेट (टेलिस्कोपचा तोल राखणारं वजन) काही किलोंचा असतो, दांड्याच्या टोकाचा सुरक्षेचा स्क्रू घट्ट असल्याशिवाय मुलांना जवळ येऊ देऊ नका. लाल दिव्यातली आणि रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी रांगत्या बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही, आणि ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला सुरुवात होऊ शकते. असे दिवे स्क्रूने बंद होणारे घ्या, नाहीतर घरात ठेवूच नका. आणि सकाळी टेलिस्कोप आवरायचा राहिला असेल तर निदान दोन्ही टोकांची झाकणं लावून मगच चहाला आत जा. सूर्य फिरत फिरत नळीसमोर येतो आणि चार वर्षांचं मूल भोक दिसलं की डोळा लावतं.

विकण्याच्या विचाराबरोबरच नवीन माउंट घेण्याचं जे म्हणताय, ते धाकटा शाळेत जाईपर्यंत लांबवा. आहे तो पुरेसा आहे. खर्च करायचाच असेल तर ड्युअल-बँड फिल्टर घ्या आणि बायकोला विचारून घ्या.