चर्चचे फोटो : सुरुवात कशी कराल

आधी परवानगी घ्या, प्रार्थनेची वेळ टाळा. जुनी चर्च बहुधा पूर्व-पश्चिम बांधलेली असतात. वेदी पूर्वेला, मुख्य दार पश्चिमेला. म्हणून दर्शनी भागावर ऊन दुपारनंतरच येतं. सकाळी तो सावलीत असतो, पण तेव्हा वेदीमागची रंगीत काच आतून काय सुंदर उजळते! एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) त्या काचेवरूनच घ्या. भिंती काळ्या पडल्या तरी चालेल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- मनोरा मावावा म्हणून कॅमेरा वर तिरपा करणं. इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. मागे जा, कॅमेरा सरळ धरा; खालचं जास्तीचं अंगण नंतर कापता येतं.
- आत फ्लॅश मारणं. जवळचा बाक पांढराफटक, मागे काळोख. त्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा.

एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र जोडणं), महागड्या लेन्स हे सगळं नंतर.