आमदारांकडे जाताना डायपरचा हिशोब ने

ज्येष्ठांचं केअर सेंटर सुरू करून तुला आठच महिने झालेत, म्हणून सांगते. ज्येष्ठांसाठी सरकारकडे काही मागायचं तर आधी मंत्रालयाच्या रांगेत उभी राहू नकोस. आपल्या मतदारसंघातल्या आमदारांचं कार्यालय गाठ. तिथल्या पीएशी नीट बोल, कागद पुढे सरकवतो तोच.

निवेदन एक पानाचं. मी पहिल्यांदा अकरा पानं नेली, त्यावर चहाचा कप ठेवला गेला! पुढच्या खेपेला एकच हिशोब नेला: अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना दिवसाला किती डायपर, रात्रपाळीच्या आयाचा पगार, बेडसोरच्या (पडून राहून होणाऱ्या जखमांच्या) ड्रेसिंगचा खर्च. तो मात्र आमदारांनी चष्मा लावून वाचला. त्यांच्या घरात सासूबाई तशाच पडून होत्या.

'ज्येष्ठांसाठी काहीतरी करा' म्हटलंस तर 'बघू' ऐकून परत येशील. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 19 वाच. राज्य सरकार टप्प्याटप्प्याने, जिल्ह्यात किमान एकापासून सुरुवात करून, किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढू 'शकेल', असं त्यात आहे. सगळी पळवाट त्या 'शकेल'मध्ये. आपल्या जिल्ह्यात काय झालं, यावर आमदारांना तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) टाकायला सांग आणि मसुदा तूच लिहून दे. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जा, प्रश्न द्यायची मुदत लवकर संपते. हिवाळी अधिवेशनाला तर सगळे नागपूरला, मग इथे कोण भेटणार?

दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. आमदार सेंटरवर आले तर फोटोआधी आजी-आजोबांना विचार; आमच्या एका आजोबांनी कवळी नसताना फोटो काढला म्हणून आठवडाभर अबोला धरला होता.