गाठ नाही, तरी रिपोर्टमध्ये 'पॅजेट'?

ताई, आईच्या उजव्या स्तनाग्रावर सात महिने खपली धरत होती, मलमाने कमी व्हायची, पुन्हा लस यायची. आता तुकडा तपासल्यावर 'पॅजेट्स डिसीज' आलं, पण मॅमोग्राफीत गाठ नाही. मग हा कॅन्सर कसा, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजीत आहे, तेव्हा स्लाइडवर काय दिसतं तेच सांगते.

त्वचेच्या वरच्या थरात पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. पॅजेटमध्ये त्यांच्या मधेमधे मोठाल्या, गोलसर, फिकट पेशी घुसलेल्या दिसतात. कुठे एकेकटी, कुठे घोळका. एकदा नीट पाहिल्या की विसरत नाहीत. या पेशी बहुधा मूळच्या त्वचेच्या नसतात. आत दूधनलिकेत कॅन्सर सुरू होतो आणि त्या नलिकेतूनच वर सरकत स्तनाग्रापर्यंत येतात. त्यामुळेच पॅजेटच्या बहुतेक रुग्णांत आत कॅन्सर सापडतोच. गाठ लागत नसेल तर पुष्कळदा तो नलिकेतच थांबलेला असतो, आणि मॅमोग्राफीत असा कॅन्सर कधीकधी दिसत नाही. म्हणून एमआरआयबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

१८७४ साली लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी अशा पंधरा बायकांची नोंद केली होती. इसबासारखा चट्टा आधी, स्तनाचा कॅन्सर नंतर. आजही इसब समजून मलमं लावण्यात महिने जातात. आईने किंवा तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. साधं इसब बहुतेकदा दोन्हीकडे आणि भोवतालच्या काळ्या भागावर असतं. पॅजेट एकाच बाजूला, थेट स्तनाग्रापासून सुरू होतो.

रिपोर्टमध्ये आयएचसी, म्हणजे पेशींवरची ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी, झालंय का बघा. मेलॅनोमा (त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर) आणि बोवेन्स डिसीज (त्वचेच्या वरच्या थरातच असलेला सुरुवातीचा कॅन्सर) स्लाइडवर असेच दिसू शकतात, ते त्यानेच वेगळे काढतात. त्यातल्या सीके७ या प्रथिनाची चाचणी पॉझिटिव्ह असणं हे पॅजेटच्या बाजूचं. हर२ हे पेशींच्या वाढीशी जोडलेलं प्रथिन बहुतेक पॅजेटमध्ये पॉझिटिव्ह येतं, ते वाचून घाबरू नका. आत पसरणारा कॅन्सर निघाला तर हर२वर नेमकी औषधं आहेत. उपचार किती मोठे, हे आत काय सापडतं त्यावरच ठरेल, नुसत्या 'पॅजेट' या शब्दावर नाही.

दुसरं मत घ्यायला जाताना फक्त कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) मागून घ्या, आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.