ढिगाऱ्याच्या तोंडाशी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बचावकामातल्या रोबोटवर अर्धं पान लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. (माझ्या धंद्यात हा शब्द जपून वापरतात.) बावीस वर्षं बचाव पथकात होतो. त्यातली शेवटची नऊ वर्षं रोबोट चालवण्यात आणि दुसऱ्यांना शिकवण्यात गेली. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देतो.

रोबोटनं आजवर किती माणसं जिवंत बाहेर काढली? (एक निवृत्त शिक्षक)

सर, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालत ढिगाऱ्यात शिरणाऱ्या रोबोटबद्दल विचारत असाल, तर उत्तर ऐकून खट्टू व्हाल. अशा कामावर रोबोट पहिल्यांदा गेले ते सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात. त्यातले काही चपलांच्या खोक्याएवढे होते. त्यांना मृतांचे अवशेष सापडले, जिवंत कुणी नाही. २०१७ मध्ये मेक्सिको सिटीच्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा साप-रोबोट आत गेला, तोही रिकाम्या हातानं परतला. सापाला हात नसतात, पण तुम्हाला कळलं.

आकाशातून पाहणाऱ्यांचं खातं जरा बरं आहे. २०१३ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात गाडी उलटून जखमी झालेला एक माणूस थंडीच्या रात्री भरकटला होता. हेलिकॉप्टरला तो दिसला नाही, ड्रोनच्या थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्याला दिसला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात लाटांत सापडलेल्या दोन मुलांजवळ ड्रोननं फुगणारा तराफा टाकला आणि पोरं त्याला धरून किनाऱ्याला लागली. नेपाळच्या २०१५ च्या भूकंपात नासाच्या 'फाइंडर' नावाच्या पेटीनं रडारवर हृदयाचे ठोके टिपले आणि चौतारा या गावात चार जण जिवंत सापडले. ती पेटी जागची हलत नाही, म्हणून तिला रोबोट म्हणावं की नाही यावर आमच्यात वाद होतात. त्या चौघांना वादाशी काय देणंघेणं?

मात्र 'किती काढले' हा हिशेब अपुरा आहे. ढिगाऱ्यात वीस पोकळ्या असतात आणि माणसं दोन पोकळ्यांत. उरलेल्या अठरांत कुणी नाही हे रोबोटनं सांगितलं, तर पथकाचे तास वाचतात. शिवाय वाचवणारेही मरतात. मेक्सिको सिटीच्याच १९८५ च्या भूकंपात शंभरावर बचावकर्मी गेले. ज्या फटीत रोबोट गेला, तिथे माझा जवान गेला नाही, हेही जमेच्या बाजूला लिहायला हवं.

ढिगाऱ्याखाली रिमोटचा सिग्नल पोचतो कसा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

बहुतेक वेळा पोचतच नाही. काँक्रीट, त्यात गजांची जाळी, वर लोखंडी फर्निचरचा चुराडा. दोन-चार वळणं झाली की चित्र फुटायला लागतं आणि मग पडदा काळा. न्यूयॉर्कला एक बिनतारी रोबोट असाच संपर्क तुटून अडकला. ओढून घ्यायला बांधलेली दोरी होती, तीही तुटली.

म्हणून वायर लावायची. वायर म्हणजे एक वेगळंच लफडं. जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्टीत २०११ मध्ये जपानी संशोधकांचा 'क्विन्स' नावाचा रोबोट सोडला होता. जिने चढायचा, किरणोत्सर्ग मोजायचा, गुणी होता. ऑक्टोबरमध्ये परतीच्या वाटेवर त्याची केबल तुटली आणि तो दोन नंबरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कायमचा राहिला. पुढचे दोन क्विन्स जोडीनं पाठवले: एकाची केबल गेली तरी दुसऱ्यामार्फत रेडिओनं त्याच्याशी बोलता यावं.

माझ्या हातून झालेला घोळही सांगतो. सरावाचा ढिगारा होता, दोन स्लॅबच्या मधली हातभर उंचीची फट. पडद्यावर सगळं करडं. फुटलेल्या काँक्रीटची धूळ एकदा बसली की गज, कापड, माणसाचा हात, सगळ्याला एकच रंग येतो. पहिल्या दिवशी कुणालाच काही ओळखता येत नाही. मला कोपऱ्यात बोटं दिसल्यासारखी वाटली. नीट कोन मिळावा म्हणून झरकन मागे आलो आणि स्वतःच्याच वायरवर चढलो. वायर पट्ट्यात गेली, पट्टा फिरत राहिला, मी जॉयस्टिक सोडली तेव्हा उशीर झाला होता. वायर धरणारा माझा जोडीदार दोनदा 'थांब' म्हणून ओरडला होता, पण माझ्या कानावर हेडफोन. पहार आणि फावड्यानं खोदून यंत्र काढायला तीन तास लागले. चाकाभोवती वायरची अशी गुंडी झाली होती की कापूनच सोडवावी लागली. आणि ती बोटं? फाटका हातमोजा.

तेव्हापासून नव्या मुलांना मी आधी आठवडाभर जॉयस्टिकला हात लावू देत नाही, वायर धरायला लावतो. पतंगाच्या मांजासारखं आहे ते. कधी ढील द्यायची, कधी ओढून धरायचं, हे पडद्यावर दिसत नाही, बोटांना कळतं. दुसरं म्हणजे पडद्यासमोर दोन माणसं हवीत. चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष पुढे खड्डा आहे का यात अडकलेलं असतं. शोधणारे डोळे दुसऱ्याचे लागतात.

पाण्याचंही सांगून टाकतो. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत नोव्हेंबर २०१० मध्ये स्फोट होऊन २९ जण गेले. तिथे पाठवलेला सैन्याचा रोबोट साडेपाचशे मीटरवर अंगावर पाणी पडून बंद पडला.

सिनेमातल्यासारखा माणसाच्या आकाराचा रोबोट का पाठवत नाहीत? (दहावीतली वाचक)

कल्पना वेडगळ नाही गं. दारं, जिने, व्हॉल्व्ह, शिड्या, सगळं माणसाच्या मापाचं असतं, मग यंत्रही त्याच मापाचं का नको? फुकुशिमानंतर अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संस्थेनं यासाठी मोठी स्पर्धा ठेवली. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात तिची अंतिम फेरी झाली. गाडी चालवायची, दार उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, भिंतीला भोक पाडायचं, जिना चढायचा. त्या पडापडीचे व्हिडिओ जरूर बघ. कोट्यवधींची यंत्रं दाराच्या मुठीला हात घालता घालता आडवी होत होती. जिंकला कोरियाचा 'ह्युबो', ४४ मिनिटं २८ सेकंदांत. त्याची युक्ती काय? जमेल तिथे तो गुडघे टेकून चाकांवर पळायचा.

ढिगाऱ्यात तर सरळ उभं राहायलाच जागा नसते. तिथे पट्टे बरे, साप बरा, नाहीतर जपान्यांची ती लांब नळी, जिच्या अंगावरच्या केसांना थरथरवलं की ती सरपटत पुढे जाते.

झुरळांना बचावकामावर पाठवतात हे खरं का? (नाव न छापण्याची विनंती)

खरं आहे. मार्च २०२५ च्या म्यानमारच्या भूकंपानंतर सिंगापूरच्या पथकानं पाठीवर कॅमेरा आणि सेन्सर बसवलेली दहा झुरळं नेली होती. जिवंत कुणी सापडलं नाही. ती मादागास्करची झुरळं असतात, बोटभर लांब. मला स्वतःला झुरळाची किळस येते, त्यामुळे माझं मत या बाबतीत निःपक्षपाती नाही.

माझा मुलगा अग्निशमन दलात आहे. रोबोट आले की त्याला आत जावं लागणार नाही ना? (एक आई)

ताई, तुम्हाला खोटा धीर देणार नाही. जावं लागेल. पण काही ठिकाणी आत्ताच लागत नाही. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसचं नोत्र दाम चर्च पेटलं, शिखर कोसळलं, तेव्हा जवानांना आतून मागे बोलावलं आणि पाण्याचा पाइप घेऊन 'कोलोसस' नावाचा रोबोट आत गेला. सुमारे पाचशे किलोचं धूड. वरून काही पडलं असतं तर यंत्र गेलं असतं, कुणाचा मुलगा नाही.

याच्या उलट चेर्नोबिल. १९८६ मध्ये तिथल्या स्फोट झालेल्या अणुभट्टीच्या छपरावरचे किरणोत्सर्गी तुकडे ढकलायला पश्चिम जर्मनीचा 'जोकर' नावाचा रोबोट आणला होता. तिथल्या किरणोत्सर्गात तो बंद पडला. मग फावडी देऊन सैनिकांना छपरावर चढवलं, एकेकाला दीड-दोन मिनिटांसाठी. त्यांना 'जैविक रोबोट' म्हणत. हा शब्द मला आजही सहन होत नाही.

आणि उत्तराखंडातलं सिलक्यारा आठवतंय? नोव्हेंबर २०२३, खचलेल्या बोगद्यात अडकलेले ४१ कामगार, सतरा दिवस. पाइपातून कॅमेरा सरकवला तेव्हा त्यांचे चेहरे पहिल्यांदा दिसले. पण आडवं भोक पाडणारं ऑगर मशीन मोडल्यावर शेवटचे काही मीटर खोदले ते रॅट-होल (उंदराच्या बिळासारख्या अरुंद बोगद्यांत खणणाऱ्या) खाणकामगारांनी, हातांनी. तुमचा मुलगा आत जाईल, पण आत काय आहे हे आधी बघून जाईल. आमच्या वेळी एवढंही नव्हतं.

ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाला रोबोट बघून भीती वाटत नाही का? (वय वर्षं दहा)

आजवर आलेल्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेला प्रश्न तुझा. वाटते. मी स्वतः अनुभवलंय. एकदा सरावात 'अडकलेला माणूस' म्हणून मीच स्लॅबखाली पडलो होतो. तासभर अंधार, तोंडात धूळ. रोबोट माझाच, चालवणारा मुलगा मीच शिकवलेला, काय होणार हे सगळं माहीत. तरीसुद्धा ते कर्र कर्र करत वळणावरून आलं, त्याचा दिवा थेट डोळ्यांत, आणि एकदम माझ्या तोंडाजवळ येऊन थांबलं. काही बोलेना. वर बसलेला मुलगा मला निवांत न्याहाळत होता, पण मला कुठे दिसत होता तो? मी हातानं ते ढकललं आणि चक्क शिवी दिली. शिवी माइकमधून वर सगळ्यांनी ऐकली.

बाहेर आल्यावर त्या मुलाला तीन गोष्टी सांगितल्या: दिवा मंद कर, दोन हात लांब थांब आणि पुढे सरकण्याआधी स्पीकरवरून स्वतःचं नाव सांग. तो म्हणाला, "सर, पण रोबोटचं नाव सांगू की माझं?" तुझं सांग, म्हटलं.