इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) सोय नसेल तर नवजात बाळाच्या हृदयातला जन्मजात दोष ओळखता येतो का?

हो, पल्स ऑक्सिमीटरने (त्वचेवरूनच रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारं यंत्र) बरेच गंभीर दोष पकडता येतात, पक्कं निदान मात्र इकोनेच. जन्मानंतर 24 तास झाले की उजव्या हाताला आणि एका पायाला त्याचा प्रोब (सेन्सर) लावायचा (बाळांचाच, मोठ्यांचा बोटाचा क्लिप नको), ऑक्सिजन कुठेही 90 टक्क्यांच्या खाली आला तर लगेच मोठ्या हॉस्पिटलला, हात किंवा पाय, कुठेही 90 ते 94 किंवा दोन्हींतला फरक 3 पेक्षा जास्त असेल तर तासाभराने परत बघायचं. उजवाच हात, कारण त्याला रक्त डक्टसच्या (महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी जोडणारी, जन्माआधीपासूनची नळी) आधी मिळतं आणि पायाला नंतर. पण हृदयातलं भोक, म्हणजे व्हीएसडी, यात बहुतेक वेळा सुटतं, त्यामुळे रीडिंग चांगलं असूनही बाळ दूध पिताना दमत असेल, कपाळ घामाने ओलं होत असेल, झोपेतही श्वास मिनिटाला 60 च्या वर असेल किंवा वजन वाढत नसेल तर थांबू नका, डॉक्टरला दाखवाच.