साडेआठ हजारांचं काम की साडेसतरा हजारांचं?

तुम्ही लिहिता: बोलेरो २०१५ची, १,७०,००० किलोमीटर चाललेली. साठच्या पुढे गेली की मागून घोंघावते, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या डिफ्रन्शियलमधल्या छोट्या दातेरी चाकाच्या, म्हणजे पिनियनच्या, सीलमधून तेल गळतं. एक गॅरेज बिननावाची बेअरिंग घालून ८,५०० रुपयांत काम करून देतंय. दुसरं चांगल्या कंपनीची चारही बेअरिंग, सगळी सील आणि नवं गिअर ऑइल धरून १७,५०० मागतंय. घरचे म्हणतात, विका आणि नवी घ्या.

साडेसतरा हजारांचं काम करा, पण डिफ्रन्शियल खोलून क्राउन-पिनियनचे, म्हणजे आतल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचे, दात पाहिल्यावरच.

८,५०० मधले ५,००० मजुरीचे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे माल फक्त साडेतीन हजारांचा. तो वर्षभरात गेला तर तीच मजुरी पुन्हा भरायची, आणि तेवढ्यावर भागत नाही. पिनियनचं बेअरिंग ढिलं झालं की पिनियन जागचा हलतो, दात चुकीच्या जागी घासतात आणि क्राउन-पिनियन जातं. ते जोडीनेच बदलावं लागतं. मला खरी भीती या खर्चाची वाटते. टिमकेन, एसकेएफ अशा नावांचा नकली मालही बाजारात येतो, म्हणून बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या. जुनी परत मागून घ्या.

मेकॅनिकला आणखी एक विचारा: हाउसिंगचा ब्रीदर, म्हणजे डिफ्रन्शियलच्या कवचातली हवा बाहेर सोडणारी वाट, साफ करणार का? तो तुंबला की आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळतं. पिनियनची क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) आणि नट नवेच हवेत. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजणारा माणूस हवा, नुसत्या अंदाजाने नट आवळणारा नको. चांगला माल वाईट हातात गेला तर पैसे पाण्यातच.

आता नव्या गाडीचं. सहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: महिना साधारण १२,६०० रुपये हप्ता. ही सगळी दुरुस्ती दीड हप्त्याहूनही कमी आहे. तुमची नोंदणी २०३०ला पंधरा वर्षांची होईल. तेव्हा नूतनीकरणाचं शुल्क, २०२२पासून मोटारीसाठी ५,००० रुपये, तपासणी आणि हरित कर येईल. गाडी बदलायचा विचार तेव्हा करा आणि त्यासाठी आजपासून वेगळं आवर्ती खातं उघडा. इंजिन किंवा चॅसिस खराब असती तर मी विकाच म्हटलं असतं, पण तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

मुलीच्या नावची मुदत ठेव मोडू नका, मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते. तुमच्याकडे ९०,००० रुपये अडीनडीसाठी बाजूला आहेत, महिन्याचा खर्च ३०,०००. हे पैसे अशाच वेळेसाठी असतात. त्यातून द्या आणि महिना ३,००० टाकत सहा महिन्यांत भरून काढा.

दात खरवडलेले निघाले तर तिथेच काम थांबवा आणि क्राउन-पिनियनसह नवा आकडा मला कळवा. मग हिशेब पुन्हा मांडू.