काडेपेटी गेटवर, पेनड्राइव्ह खिशात

पत्र : मी लोटे एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत बावीस वर्षं पॅनल ऑपरेटर आहे. मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सायबर सिक्युरिटीत जायचंय. पुण्यातला एक क्लास एथिकल हॅकिंगच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे दीड लाख सांगतो आणि नोकरीची हमी देतो. पैशांची सोय मी करीन. पण माझी शंका वेगळी आहे. आमच्याकडे सायबरचं ऑडिट आलं की आदल्या दिवशी ट्रेनिंगच्या कागदावर सह्या घेतात. न झालेल्या ट्रेनिंगवर मीही सही केली आहे. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या मागे असते, ती ऑडिटच्या दिवशी काढतात. हे काम असंच असेल तर माझ्या मुलीने जन्मभर खोटे कागद रंगवायचे का?
– एक वडील, खेड तालुका

सप्रेम नमस्कार.

फीचा प्रश्न सोपा आहे, त्याचं उत्तर शेवटी देते. सहीचा प्रश्न अवघड आहे. तो विचारायला धीर लागतो, म्हणून आधी त्याच्याकडे वळते.

करिअर मार्गदर्शन सुरू करण्याआधी मी याच पट्ट्यात नऊ वर्षं इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला होते. कंपनीचं नाव नको. एका जुलैत सकाळी जनरल शिफ्टला पोहोचले तर डीसीएसचं, म्हणजे सगळा प्लँट चालवणाऱ्या संगणक यंत्रणेचं, इंजिनिअरिंग स्टेशन रखडत होतं. एक स्क्रीन बदलायला आठ-आठ सेकंद. पावसाळ्यात कोकणात सगळा दोष दमट हवेवर जातो, तसा आम्हीही घातला. कार्डं काढून पुसली, केबल तपासल्या, एसीवाल्याला बोलावलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एक कंत्राटी मुलगा चहाचा ग्लास हातात धरून माझ्यापाशी येऊन उभा राहिला. 'मॅडम, रात्री गाणी ऐकायला मी पेनड्राइव्ह लावला होता.' आधी का नाही बोललास, मी विचारलं. तर म्हणाला, 'गेल्या वर्षी एकाने खरं सांगितलं, त्याला मेमो मिळाला.' त्या स्टेशनच्या वरच भिंतीवर 'पेनड्राइव्ह वापरू नये' अशी फ्रेम केलेली सूचना होती. ट्रेनिंगच्या कागदावर त्या मुलाची सहीसुद्धा होती. नुकसान झालं नाही, स्टेशन साफ करून पुन्हा उभं केलं. पण ते दोन दिवस प्लँट चालू होता, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आता नियम बघा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढले : सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, सगळी घड्याळं एका वेळेला लावायची. हे कारखान्यांनाही लागू आहे. सहा तास म्हणजे तुमची एक पाळीसुद्धा नाही. आणि घटना सगळ्यात आधी दिसते ती तुम्हाला. कुणी हात लावला नसताना सेट पॉइंट, म्हणजे तापमान-दाबाचा ठरवून दिलेला आकडा, बदललेला असतो, ट्रेंडची (पडद्यावरच्या आलेखाची) रेघ अचानक सरळ होते, माउस आपोआप सरकतो. तुम्ही मेमोच्या भीतीने गप्प बसलात तर कंपनीने कितीही जाड फाइल करून ठेवली तरी तो नियम पाळला जाणार नाही. रात्रपाळीच्या माणसाने बिनघोर फोन उचलावा आणि वरच्याने त्याला 'बरं झालं सांगितलंस' म्हणावं, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे.

तुम्हाला हे नवं वाटू नये, कारण सुरक्षा रुजताना तुम्ही स्वतः पाहिली आहे. भोपाळ १९८४ साली घडलं आणि १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये धोकादायक उद्योगांसाठी वेगळं प्रकरण आलं. तरी पुढे कितीतरी वर्षं हेल्मेट चढायचं ते इन्स्पेक्टरची गाडी गेटवर आल्यावरच. आज तुम्ही काडेपेटी गेटवर ठेवून आत जाता. कुणी विसरला तर शेजारचाच त्याला हटकतो, आणि परमिट हातात आल्याशिवाय वेल्डर रॉडला हात लावत नाही. ठिणगीने काय होतं हे प्रत्येकाला ठाऊक झालं, म्हणून हे जमलं. पेनड्राइव्हची ठिणगी डोळ्यांना दिसत नाही. ती प्लँटमधल्या माणसांना त्यांच्या भाषेत दाखवून द्यायची, हे तुमच्या मुलीचं काम असेल.

तुमच्या मॉनिटरमागच्या चिठ्ठीचंच घ्या. ती आळसाने चिकटवलेली नसते. गणपतीत निम्मी माणसं रजेवर, बदली माणूस डबल ड्यूटीवर, आणि त्याच्या नावाचं लॉगिनच नाही. रात्री दोनला अलार्म वाजला तर त्याने कुणाला उठवायचं? म्हणून चिठ्ठी. मन लावून काम करणारी मुलगी आधी रजेची यादी मागून घेईल, चतुर्थीच्या आठवडाभर आधी बदली माणसांची लॉगिन तयार करून देईल आणि मगच चिठ्ठी काढायला सांगेल. नुसती फाडली तर ती दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये जाते.

तिच्या इन्स्ट्रुमेंटेशनबद्दल आता. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात हल्लेखोर थेट सेफ्टी सिस्टिममध्ये घुसले, म्हणजे परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागली की प्लँट ट्रिप (आपोआप बंद) करणाऱ्या शेवटच्या यंत्रणेत. ट्रायटन या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. हल्लेखोरांच्याच चुकीने प्लँट ट्रिप झाला, म्हणून ते उघडकीला आलं. त्या सेफ्टी सिस्टिमच्या कंट्रोलरवर एक साधी चावी असते. बदल करायचे असतील तेव्हा ती प्रोग्रॅमवर करायची, काम झालं की रनवर आणायची. तिथे ती प्रोग्रॅमवरच राहिली होती. ती फिरवायला कुठला कोर्स लागत नाही. पण अशी चावी का राहून जाते, हे शटडाऊनच्या शेवटच्या रात्री उभं राहून काम केलेल्या माणसालाच कळतं. कॉम्प्युटरच्या पदवीवाल्या मुलांना हे शिकायला वर्षं लागतात. तुमची लेक त्यातच शिकते आहे.

ऑफिसातला कॉम्प्युटर अपडेट टाकून बंद-चालू करता येतो. रिॲक्शन चालू असताना 'पॅनल रीस्टार्ट करा' म्हणणाऱ्याला तुम्ही दारातूनच परत पाठवाल. प्लँटमध्ये अपडेटला शटडाऊनची वाट बघावी लागते, विंडोज जुनं असतं कारण वेंडरचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही, आणि मॉडबस ही यंत्रांची आपसात बोलायची भाषा तर १९७९ सालची : हुकूम कोण देतंय हे विचारायची त्यात सोयच नाही. म्हणून आयईसी ६२४४३ ही कारखान्यांच्या सायबर सुरक्षेची आंतरराष्ट्रीय मानकं नेटवर्कचे कप्पे पाडायला सांगतात. ऑफिसचं वेगळं, प्लँटचं वेगळं, सेफ्टी सिस्टिमचं त्याहून वेगळं, आणि मधल्या प्रत्येक वाटेवर राखण. तिला हे नाव आत्ताच लिहून ठेवायला सांगा.

कोकणात राहून या कामाला वाव आहे का, असंही मनात असेल. जून २०१७ मध्ये युक्रेनवर सोडलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले, तेव्हा आपल्या उरणच्या न्हावा शेवा बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. जयगड, अंजनवेलला वीज प्रकल्प आहेत, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शिवाय महाड, रोहा, लोटे आहेतच. सुरुवातीची दोन-चार वर्षं पुण्या-मुंबईत काढावी लागतील, हेही खरं.

खोटे कागद रंगवणाऱ्या कंपन्या तिला भेटतील. त्या ओळखायला मुलाखतीत तिने उलट विचारावं : शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला? (२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकराला हे समजावून सांगावं लागत नाही, तळमजल्यावरच्या कपाटातला बॅकअपही पाण्यातच जातो.) वेंडरला रिमोट ॲक्सेस कोण उघडून देतं आणि काम झाल्यावर बंद कोण करतं? आणि गेल्या वर्षभरात कुणी स्वतःहून चूक सांगितली का, पुढे त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर पगार चांगला असला तरी विचार करावा. 'आमच्याकडे एकही घटना नाही' असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर मला तिथे तो कँटीनमधला मुलगा दिसतो.

तुमच्या सहीबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. पण पुढच्या वेळी कागद समोर आला की 'ट्रेनिंग कधी आहे?' एवढं विचारा. बावीस वर्षं झालेल्या माणसाला ते विचारता येतं, कंत्राटी पोराला येत नाही.

आता क्लास. दीड लाख भरू नका. नोकरीची हमी देणाऱ्याकडे तर मुळीच नको. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला प्रवेश घेऊ दे. सुट्टीत पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांचं, काम करणाऱ्या एखाद्या ऑटोमेशनवाल्याकडे हात काळे करू दे. घरच्या लॅपटॉपवर ओपनपीएलसी (पीएलसीसारखं चालणारं सॉफ्टवेअर) आणि वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं) फुकट चालतात. मॉडबसचा हुकूम तारेतून उघडा जाताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेचे कारखान्यांच्या नियंत्रण यंत्रणांवरचे ऑनलाइन धडेही फुकट आहेत. पदवीनंतर एक-दोन वर्षं प्लँटमध्ये काढावीत, आणि मग वाटलं तर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा करावा. खर्च करायचाच तर तिथे करा.

मला पुन्हा लिहाल तेव्हा तिलाही लिहू द्या. त्याआधी तिला एक काम सांगा : तुमच्या आठवणीतली प्लँटची एक ट्रिप तिने तुमच्याकडून मिनिटामिनिटाने लिहून घ्यावी. पहिला अलार्म कुठला, पॅनलचं घड्याळ काय दाखवत होतं, लॉगबुकात काय लिहिलं, फोन पहिला कुणाला केला. आणि लॉगबुकात काय लिहिलं नाही, तेही.